खिडकीतून शिकलेलं इंजिन

३ मार्च, सोमवार

भावजींची पाठ गेली. सकाळी चादरींचं गाठोडं व्हॅनमध्ये चढवायला वाकले ते वाकलेलेच राहिले. चौघांनी धरून वर नेलं. डॉक्टर येऊन गेले — मणक्यातली गादी सरकली आहे, तीन महिने फळीवर सपाट पडून राहायचं, गाडीचं नाव काढायचं नाही.

घर वर, लॉन्ड्री खाली. हे धुण्याच्या मशीनवर, मी आणि धाकटी जाऊ इस्त्री-घडीवर, आणि भावजी, माझे धाकटे दीर, व्हॅनवर. व्हॅन घेतल्यापासून एकोणीस वर्षं असंच चाललंय. आता व्हॅनवर कोण?

दुपारी हे म्हणाले, "तुझ्याकडे लायसन आहे ना?"

आहे. लग्नाआधी वडिलांचा टेम्पो चालवायचे. त्याला सव्वीस वर्षं झाली.

"मग झालं तर," म्हणाले आणि मशीनकडे गेले. जसं काही मी मीठ आणायला निघाले होते.

४ मार्च, मंगळवार

चालवली. तीनदा बंद पडली, एकदा फाटकाला घासली. पण चालवली.

६ मार्च, गुरुवार

टेकडीवरचं हॉस्पिटल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रोज दोनशे चादरी, दहाच्या आत. आज अर्ध्या चढावर गाडीचा दमच गेला. पाय खालपर्यंत दाबला तरी बैलासारखी अडून बसली. मागे काळा धूर — आरशात रस्ता दिसेना. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत वर पोचले. मेट्रनबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  सरळ रागावल्या असत्या तर बरं.

येताना हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही. "टर्बो गेला. दहा दिवस ठेवून जा." दहा दिवसांत हॉस्पिटल दुसरी लॉन्ड्री बघेल. मी विचारलं, टर्बो म्हणजे नेमकं काय? तर म्हणाला, "बाई, ते तुम्हाला नाही कळायचं."

गाडी परत घेऊन आले. कान अजून गरम आहेत.

७ मार्च, शुक्रवार

भावजींची खोली बरोबर अंगणावर. पलंग खिडकीला लावलाय, पण मान वळवता येत नाही, म्हणून दिसतं ते फक्त छत. मी वर जाऊन सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, खाली जा. गाडी चालू करा. मला ऐकू दे."

चालू केली. वरून आवाज आला, "रेस द्या. सोडा. परत द्या." शेजारचे बघायला लागले. मग वरून — "टर्बो ठणठणीत आहे! शिट्टी वाजतेय त्याची. पण शिट्टीच्या मागे फुस्स येतंय. हवा कुठेतरी पळतेय."

मला फुस्स ऐकूच आलं नाही. वर जाऊन तसं सांगितलं, तर म्हणाले, "येईल हळूहळू. बसा. आधी टर्बो समजून घ्या."

आणि समजावलं. इतकी वर्षं एका घरात आहोत, हा माणूस सलग पाच वाक्यं बोललेला मी पाहिला नव्हता. इंजिनातून जळका धूर बाहेर पडतो, तो जोरात असतो. तो जोर फुकट जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत एक छोटं चाक बसवलेलं. धूर ते चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक — ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे डिझेल नीट जळतं. नीट जळलं की जोर. हवा कमी पडली की जोर नाही, नुसता काळा धूर.

मी म्हटलं, "म्हणजे जे वाया जातंय त्यालाच कामाला लावलं."

"बास. एवढंच आहे टर्बो," म्हणाले. "त्या गॅरेजवाल्याला जमलं नसतं असं सांगायला."

८ मार्च, शनिवार

सापडलं! मला सापडलं!

इंजिन गार असताना बॉनेट उघडलं. टर्बोकडून निघणाऱ्या जाड रबरी पाइपवरून हात फिरवायचा, असं वरून फर्मान. खालच्या बाजूला एका ठिकाणी तेलकट काळं चिकटलेलं. बाकी पाइपवर नुसती धूळ. भावजी म्हणाले, "तिथे साबणाचं पाणी लावा." साबणाला आमच्याकडे काय तोटा! धाकटीने बादलीभर फेस आणला. तिला गाडीत बसवलं, रेस द्यायला सांगितलं, मी पंख्यापासून हात लांब ठेवून वाकले — आणि पाइपवरचा फेस फुगला, फुटला, फुगला, फुटला. करंगळीच्या नखाएवढी चीर. नुसती बघितली तर दिसतही नाही. आत हवेचा दाब आला की तोंड उघडते.

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन पाइप आणला. पाइप धरणारी पट्टी, क्लॅम्प, आवळताना बोटाचं साल निघालं. दुपारी चार वाजता टेकडी चढले, तिसऱ्या गिअरमध्ये. रिकामी गाडी होती हे खरं, पण तिसऱ्या गिअरमध्ये!

परत येऊन सांगितलं तर भावजी छताकडे बघून हसले. "सोमवारी भरलेली नेऊन बघा. मग सांगा."

१० मार्च, सोमवार

भरलेली नेली. तिसऱ्यातच. पावणेदहाला पोचले.

१७ मार्च, सोमवार

आजचा धडा — गाडी आल्या आल्या किल्ली फिरवून बंद करायची नाही. चढ चढून आल्यावर टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेऊन आलेलं असतं, तापून लाल. ते तरंगतं इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, उरलेलं तिथेच जळून कोळसा होतं. म्हणून एक मिनिट नुसती चालू ठेवायची. सकाळी उलट — चालू केल्या केल्या रेस द्यायची नाही, ऑइलला वर पोचू द्यायचं.

हे म्हणाले, "एक मिनिट गाडीत नुसती बसून काय करतेस?"

म्हटलं, "टर्बो गार करतेय."



२९ मार्च, शनिवार

फजिती. इंजिन ऑइल बदललं, सगळं एकटीने. जुनं गरम असताना काढलं, गाळणी नवीन बसवली, डब्यावरचा नंबर भावजींना दोनदा वाचून दाखवला — टर्बोच्या गाडीला साधं ऑइल चालत नाही. झाकण मात्र लावायचं विसरले. पहिल्याच वळणापर्यंत जाते तर बॉनेटमधून भजनी मंडळाच्या चहाच्या स्टोव्हसारखा धूर. उघडलं तर इंजिनाला तेलाने आंघोळ. झाकण बॅटरीवर शांत बसलेलं.

भावजींना सांगायची लाज वाटत होती. धाकटीने सांगितलं. ते इतके हसले की पाठीत कळ आली. धाकटी मला म्हणाली, "जाऊबाई, औषधापेक्षा तुमचाच गुण येतोय."

नंतर भावजींनी कबूल केलं — पहिल्या वर्षी त्यांनीही हेच केलं होतं. दादाला, म्हणजे यांना, अजून माहीत नाही म्हणे.

३ एप्रिल, गुरुवार

फुस्स ऐकू आलं! आमच्या गाडीचं नाही. चौकात शेजारी उभ्या राहिलेल्या पाववाल्याच्या व्हॅनचं. काच खाली करून त्याला म्हटलं, तुमचा हवेचा पाइप चिरला आहे. तो आधी माझ्याकडे, मग मागे चादरींकडे बघतच राहिला. सिग्नल सुटला.

२२ एप्रिल, मंगळवार

पाववाला आमची लॉन्ड्री शोधत शोधत अंगणात आला. पाइपच होता. त्याने दोन गॅरेजं पालथी घातली होती. मी वर बोट दाखवलं — "माझे गुरू तिथे झोपलेत." तो खिडकीखाली उभा राहून भावजींशी अर्धा तास बोलला. त्याला डिझेलच्या गाळणीत साठलेलं पाणी कधी आणि कसं काढायचं तेही सांगितलं भावजींनी. गेल्यावर भावजींचा आवाज नुसता टवटवीत.

५ मे, सोमवार

भावजी आता बसतात. पट्टा लावून दहा पावलं चालतात. सगळ्यांना आनंद.

१६ मे, शुक्रवार

हे कुठेच बोलता येणार नाही, म्हणून इथे.

सकाळी सात वाजता रस्ता मोकळा असतो. मागे गरम इस्त्रीचा वास. चढाआधी एक गिअर खाली, मग शिट्टी हळूहळू वर चढते आणि गाडी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखी निघते. वर पोचलं की सगळं गाव खाली. मला आता मेट्रनबाई हाक मारून चहा देतात. पंचवीस वर्षं मी एका टेबलासमोर उभी राहून घड्या घातल्या. वाईट नव्हतं ते. पण खिडकीसमोर भिंत होती, आणि त्या भिंतीच्या पलीकडेही भिंत.

भावजी पुढच्या महिन्यात कामाला लागतील. गाडी त्यांची आहे. द्यायलाच हवी. आणि आज आरशात बघताना मनात आलं — बरे व्हा हो, पण जरा सावकाश.

शी! आजारी माणसाबद्दल असं? त्याच माणसाने मला हाताला धरून शिकवलं.

२० मे, मंगळवार

भावजींकडून पाठीचे व्यायाम करून घ्यायला येतात ते म्हणाले, प्रगती झपाट्याने आहे, महिनाभरात कामावर. सगळे खूश. भावजी मात्र पांघरूण ओढून पडले. दुपारी मी खालून विचारलं, आवाज बरोबर आहे ना? वरून खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. धाकटी म्हणाली, नीट जेवलेही नाहीत.

मला कळलं. माझी रेस ऐकून जीव तुटत असेल. आपली गाडी, आणि दुसऱ्याच्या हातात.

२१ मे, बुधवार

वर गेले. म्हटलं, "भावजी, गाडी तुमचीच आहे. तुम्ही कामाला लागलात की त्याच दिवशी किल्ली तुमच्या हातात."

भिंतीकडे बघून म्हणाले, "हो, वहिनी." एवढंच.

मोठ्या मनाने बोलले मी. खाली येऊन आठ उशांचे अभ्रे उलटे घातले.

२ जून, सोमवार

भावजी जिना उतरले! आधार न घेता. थेट गाडीपाशी. बॉनेट उघडायला लावलं. हवेचा फिल्टर काढून उजेडात धरला, ऑइल मोजायची पट्टी पुसून बघितली, मी आवळलेली क्लॅम्प हलवून बघितली. हलली नाही. "माझ्यापेक्षा चांगली ठेवलीत," म्हणाले. हे शेजारी उभे होते. यांनी ऐकलं. मुद्दाम दोनदा विचारलं मी, "काय म्हणालात?"

तासभर होते इंजिनापाशी. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र बसले नाहीत. वाटलं, पाठ दुखत असेल.

११ जून, बुधवार

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. चालणं-फिरणं, बसून-उभ्याने काम, सगळं करता येईल. गाडी चालवणं मात्र कायमचं बंद. घरी आलो. हे तसेच मशीनमागे जाऊन उभे राहिले. धाकटी डोळे पुसत होती. काय बोलायचं ते जुळवत मी वर गेले.

भावजी पलंगाच्या काठावर बसून पाय हलवत होते. शाळेला अचानक सुटी मिळाल्यासारखा चेहरा.

"वहिनी, आधी दार लावा." मी लावलं.

" दादाला इतक्यात सांगू नका. मला इंजिन आवडतं. गाडी चालवायला एक दिवस आवडलं नाही — समोरून ट्रक आला की अजून देव आठवतो. दादाने किल्ली दिली, मला 'नको' म्हणता आलं नाही. एकोणीस वर्षं. आता त्या पाववाल्यासारखे कोणी आले, तर त्यांच्या गाड्या मी अंगणात बघेन. चालवायची तुम्ही. चालेल?"

"चालेल," म्हटलं. मग मी माझंही सांगितलं — सकाळी सातच्या रस्त्याचं, आणि त्या 'जरा सावकाश'चंही.