पॅसेजमधली बाई विरुद्ध घरातले इतर सगळे

मी, खाली सही करणार बाई, वय एकाहत्तर, धंदा लाँड्रीचा, शिक्षण उतारवयात मिळवलेली कायद्याची पदवी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीवर असताना आणि मुख्य म्हणजे जागेपणी लिहून ठेवते. जागेपणी हा शब्द मुद्दाम घातला आहे. मी डुलक्या घेते हे घरात, दुकानात आणि कॉलेजात जगजाहीर आहे. थोरला उद्या म्हणायचा, आईने झोपेत लिहिलं. तर डॉक्टर शेजारी बसले आहेत, नाडी त्यांनी पाहिली आहे, आणि चहातल्या साखरेवरून मी त्यांच्याशी नुकतीच कडाडून भांडले आहे.

हे सर्व करण्याचे कारण एकच. माझ्यामागे माझे दोन्ही मुलगे हे घर विकायला काढतील. त्याचे मला दुःख नाही, घरे विकली जातातच. पण या घरात माझ्या कै. पतींची धाकटी बहीण राहते, आमच्या वन्सं. लग्नानंतर वर्षाच्या आत त्या माहेरी परत आल्या, आणि तेव्हापासून बैठकीची खोली व स्वयंपाकघर यांमधल्या पॅसेजमध्ये घडीच्या खाटेवर झोपतात. कोणी उठायच्या आत खाट मिटून भिंतीला लागलेली असते. त्यांनी आजवर कोणाला ‘नाही’ म्हटलेले नाही. मुलांनी कागद पुढे केला की बोट ठेवाल तिथे त्या सही करतील, आणि वर विचारतील, “चहा टाकू का?” मग त्या जाणार कुठे, या काळजीने मला झोप लागत नाही. माझ्यासारखीला झोप लागत नाही, यावरून काय ते समजावे.

कलम १. लाँड्रीचे दुकान, वाफेची प्रेस, दोन्ही मशिने आणि गिऱ्हाईक हे सर्व माझ्या कारागिराला मिळावे. त्याने माझ्या डुलक्यांच्या काळात एकही कपडा जाळला नाही. थोरल्याने एकदा पाहुण्यांत ‘आईचं ते धुण्याचं दुकान’ असे नाक मुरडून म्हटले होते, सबब त्याला दुकानातला एक हँगरही मिळू नये.

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत असल्याने शनिवारी वकिलांचे काळे कोट येत. धुऊन दांडीवर टांगले की वाफेने त्यांच्या बाह्या हळूच हलत, जणू माणसे निघून गेली तरी वाद अजून संपलेला नाही. मी इस्त्री फिरवता फिरवता तासन्‌तास त्यांच्याकडे बघत राही. हे काय बोलत असतील दिवसभर, असे वाटे. पती गेल्यावर त्या कुतूहलानेच मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. लोकांना वाटले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

कलम २. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. मी कॉलेजात जायला निघाले तेव्हा धाकटा म्हणाला होता, “आई, अगं या वयात? लोक काय म्हणतील?” त्याने आपला हिस्सा लोकांना विचारून मगच घ्यावा.

कलम ३. माझी राज्यघटनेची पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. त्यांच्या पानांवर मी गाल टेकून झोपलेली आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांचा भाग जरा चुरगळलेला मिळेल. टेबलावर पेन्सिल ठोकून मला उठवणाऱ्या ग्रंथपालबाईंना माझी उशी द्यावी. त्यांनी एकदा डोके टेकून बघावे, मग बोलावे.

कलम ४. पदवीनंतर मी एक काळा कोट शिवून घेतला आणि आरशासमोर एकदा घातला. वकिली केली नाही. तो धाकट्या सुनेला द्यावा. तिची उंची माझ्याएवढी आहे आणि वाद घालण्याची हौस त्याहून जास्त.

कलम ५. हे महत्त्वाचे. घरातली मधली खोली, दारासह, आतल्या कडीसह, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर वापरण्याच्या हक्कासह, वन्संना पूर्ण मालकीने मिळावी. घराचा उरलेला भाग मुलांचा.

हा हक्क मला कुठे सापडला तेही लिहिते, कारण तो कोणत्याही पुस्तकात नाही. प्राध्यापक व्यक्तिस्वातंत्र्य शिकवत होते. खिडकीबाहेर झाडाची हिरवट सावली, पंखा नुसताच गरगरत होता, आणि मी पहाटेपासून प्रेसवर उभी. त्यांचा आवाज मऊ. “सरकारला तुमच्या उंबरठ्यावर थांबावं लागतं,” एवढे ऐकले, आणि तो उंबरठा पाण्यावर तरंगत माझ्याकडे आला. पाहते तो मी दुकानात. सगळीकडे वाफ. दांडीवरचे काळे कोट एकेक करून उतरले आणि इस्त्रीच्या टेबलामागे ओळीने बसले. आत माणूस कोणातच नाही, बाह्या मात्र गंभीरपणे टेबलावर. मधल्या कोटाचे बटण तुटलेले होते, तेच मुख्य न्यायाधीश. समोर वन्सं उभ्या, काखेत घडीची खाट. प्रश्न असा होता की, पॅसेजमध्ये झोपणारी बाई घरात राहते, की घरातून येता-जाता दिसते? वाद फार वेळ चालला. शब्द वाफेत दिसत होते, ऐकू येत नव्हते. शेवटी मधल्या कोटाने बाही उचलून निकाल दिला: ज्या माणसाला दार लावून घेता येत नाही, त्याला घर आहे असे म्हणता येणार नाही. वन्सं म्हणाल्या, “बरं, मग मी निघू का?” आणि मी जागी झाले.

फळ्यावर तेव्हा वेगळेच काहीतरी लिहिलेले होते. मी मात्र निकाल वहीत उतरवून घेतला आणि कधीतरी विसरून गेले की तो झोपेत लागला होता. परीक्षेत तो दणक्यात उदाहरण म्हणून दिला, पक्षकारांच्या नावांसह: पॅसेजमधली बाई विरुद्ध घरातले इतर सगळे. प्राध्यापकांनी बिचाऱ्यांनी ग्रंथालय पालथे घातले, दोन सहकाऱ्यांना विचारले, आणि मग मला बोलावले.

“बाई, हा निकाल कुठल्या सालचा?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटले, “सर, मागच्या महिन्यातला. तुमच्याच तासाला लागला.”

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. उदाहरणाचे गुण त्यांनी कापले, युक्तिवादाचे दिले. “अपील करायचं असेल,” म्हणाले, “तर पुन्हा झोपा.”

मी घरी जाऊन त्याच आठवड्यात निकालाची अंमलबजावणी केली. मधली खोली झाडून पुसून वन्संना दिली. त्या तीन रात्री तिथे झोपल्या. मी पॅसेजमधून जाताना बंद दाराकडे बघून मनातल्या मनात नाचत असे. चौथ्या दिवशी थोरल्याच्या सासरचे पाहुणे आले, वन्संनी कोणी सांगायच्या आत खोली रिकामी केली, आणि त्या पुन्हा आत गेल्याच नाहीत. थोरल्याने तिथे कपाट आणून ठेवले. मी आरडाओरडा केला तर वन्संच म्हणाल्या, “असू द्या हो, वहिनी.” हक्क देणारी मी हात चोळत राहिले, कारण घेणारीला तो हातात धरताच येईना.

म्हणून या कलमाला मी एक अट घातली: वन्संनी ही खोली कोणालाही विकू नये, देऊ नये, सोडू नये, पाहुण्यांसाठीसुद्धा रिकामी करू नये. प्राध्यापक साक्षीला आले आहेत. ते म्हणाले, “बाई, अशी अट कोर्टात टिकायची नाही.” मी म्हटले, “कोर्टात न टिको, घरात टिकेल. जरा धाक हवा.”

कलम ६. वरील सर्व मजकूर आज सकाळी मी वन्संना आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर जे झाले ते नोंदवणे भाग आहे.

वन्सं शेंगा सोलत बसल्या होत्या. स्वप्न ऐकताना हसल्या. अट ऐकल्यावर त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, “वहिनी, ती ओळ काढा.”

“कुठली?”

“देऊ नये, सोडू नये, ती.”

“अहो, ती तुमच्याच भल्यासाठी आहे!”

“असेल. या घरात आजवर सगळं माझ्या भल्यासाठीच झालं.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पण आवाज स्वच्छ होता. “खोली देताय तर द्या. मी तिचं काय करायचं तेही तुम्हीच ठरवणार असाल, तर मला पॅसेज बरा.”

मला राग आला. खरे सांगते, फार राग आला. यांच्यासाठी मी जिवाचे रान केले आणि या मलाच कायदा शिकवतात! मी म्हटले, “आणि उद्या पोरांनी सही मागितली तर?”

“मागू देत.”

“काय कराल?”

“ते मी तेव्हा बघीन.”

“म्हणजे सही कराल!”

“करीन किंवा नाही करणार. तुम्ही नसाल तेव्हा, वहिनी.”

डॉक्टर छताकडे बघू लागले. प्राध्यापकांनी तोंडावर रुमाल धरला. मी चिडून म्हटले, ओळ राहणार म्हणजे राहणार. तर वन्सं म्हणाल्या, “नाही.” एवढेच. मग पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. दाणे ताटाबाहेर पडत होते.

मला एकदम रडू कोसळले. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबले होते, आणि आला तो माझ्याच वाट्याला. त्या उद्या काय करतील हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसतानाच मला जायचे आहे. भीती वाटते, आणि बरेही वाटते.

सबब कलम ५ मधील अट मी माझ्या हाताने खोडली आहे आणि खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आहे. वन्संही सही करायला पुढे आल्या होत्या. खोली त्यांनाच मिळणार असल्याने त्यांची सही इथे चालत नाही, असे प्राध्यापकांनी समजावल्यावर त्या थांबल्या.

ठिकाण : माझे राहते घर
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार
सही : लाँड्रीवाली बाई

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली आणि बाईंच्या देखत आम्ही.

साक्षीदार १ : राज्यघटनेचे प्राध्यापक, निवृत्त
साक्षीदार २ : घरचे डॉक्टर

ता. क. सह्या झाल्यावर मी वन्संना चहा टाकायला सांगितले. त्या म्हणाल्या, “हातातलं होऊ दे.” आम्ही चौघे शेंगा संपेपर्यंत थांबलो.