खालच्या घळीतल्या नराचा वाटा

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहच्या नावाने.

मी मार्जोहान, लग्नानंतर मिळालेली पदवी मालिन मंचायो, वय एकोणपन्नास, कोटो आरो गावचा रहिवासी, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. घाबरलेला मात्र आहे, आणि ते लपवत नाही. उद्या सकाळी पदांगच्या इस्पितळात जायचे आहे. आतड्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होणार आहे.

१. ज्या घरात मी आजवर संसार केला ते माझे नाही. ते माझी पत्नी युस्निदार हिला तिच्या आईकडून आले. आमच्यात घर आणि कूळ आईकडून मुलीकडे जाते. जावई म्हणजे जळक्या खोडावरची राख, वारा आला की उडाली, असे माझा मेहुणा बासरिझाल मला प्रत्येक सणाला जेवताना ऐकवतो. तेव्हा घराबद्दल मला काही लिहायचा हक्क नाही. स्वयंपाकघरावरचे पत्रे मी नवे घातले आहेत, ते काढू नयेत.

२. भातशेत माझ्या आईच्या कुळाचे. ते बहीण रोस्मानियार आणि तिच्या मुलांकडेच राहील. उतारावरची दालचिनीची झाडे मी माझ्या कमाईतून घेतली. त्यांचे वाटे धर्माने ठरवून दिले आहेत, त्यात मी बोट घालत नाही.

३. साल सोलायचा सुरा भाचा हेंद्रिझाल याला द्यावा. कोयता कोणालाही द्यावा, बासरिझालला देऊ नये. पाहुण्यांना राफ्लेसियाचे फूल नीट दिसावे म्हणून त्याने एकदा रानातली वाट साफ केली आणि वाटेत लोंबणारी जाड वेल तोडली. त्या फुलाला पान नाही, देठ नाही, मूळ नाही. सगळा जन्म ते त्या वेलीच्या आत धाग्यासारखे राहते. वेल गेली तशा साऱ्या कळ्या काळ्या पडल्या. मी त्याला माफ केले आहे. तरी कोयता देऊ नये.

४. वरच्या घळीत अशीच दुसरी वेल आहे, ती हेंद्रिझालने सांभाळावी. बाळंतिणीच्या औषधासाठी कळ्या मागायला लोक येतील, त्यांना जागा दाखवू नये. बोगोरहून फुलाचा अभ्यास करायला येणाऱ्या बाई आल्या तर त्यांना भात वाढावा. त्यांनीच मला सांगितले की परसातला कसाव्याचा कंद आणि रबराचे झाड हे या फुलाचे दूरचे भाऊबंद. त्यांची फुले नखाएवढी, याचे सुपाएवढे. पाने, मुळे, जे जे स्वतः कमवावे लागते ते याने पिढ्यानपिढ्या टाकून दिले आणि कुजक्या मांसाच्या वासाने माश्या बोलवायला शिकले. बाई असेही म्हणाल्या की वेलीच्या वंशाचे काही तुकडे या फुलाच्या वंशात मिसळून गेले आहेत. तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. वेल बाहेरून हिरवीगार दिसते. साल फुगून कळी बाहेर आली की मगच कळते, आत कोण राहत होते.

५. आता खरे कारण लिहितो. माझी आई पोटाच्या याच दुखण्याने गेली, तिचा भाऊही. डॉक्टर म्हणाले, हा दोष रक्तातून खाली उतरतो, जवळच्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावे, लवकर कळले तर वाचता येते. कुळाच्या थोरल्या घरी दोन्हीकडची बैठक झाली. कूळ आईकडून येते, म्हणून दुखणेही आईकडूनच येणार असे सगळ्यांनी धरले. रोस्मानियारची मुले पदांगला जाऊन आली. माझी एकुलती मुलगी डेस्मिता हिला तपासणीला जा असे कोणी म्हटले नाही. मी विषय काढला तेव्हा बासरिझाल म्हणाला, “भावजी, तुमच्या कुळाचं दुखणं आमच्या घरात कसं येईल? राख उडते, पण आग नाही लावत.” सगळे हसले. डेस्मिताही हसली आणि बापाला म्हणाली, “अबाक, मी अमाकच्या, आईच्या कुळाची. मला कशाला सुया टोचून घ्यायला लावता?”

ती हसताना तिने हात पोटाशी घट्ट धरलेले मी पाहिले. तीही घाबरली आहे. कुळाच्या आडोशाला उभी आहे, एवढेच.

६. नंतर तिला मी वरच्या घळीत नेले. तिथे मादी फूल गळून फळ धरले आहे. नर आणि मादी क्वचितच एका वेळी उमलतात. या खेपेला नर खालच्या घळीत उमलला होता. त्याचा चिकट पराग मी माशीऐवजी कुंचल्यावर घेऊन वर आणला होता, तेव्हा डेस्मितानेच दिवा धरला होता. मी तिला विचारले, “या फळातल्या बीला कोणाचं काय मिळालं?”

ती म्हणाली, “अर्धं हिचं. अर्धं खालच्याचं.”

“खालचा इथे कधी आला होता?”

ती फळावर बसलेल्या मुंग्या फुंकरीने उडवत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही फार वाईट आहात, अबाक,” आणि पुढे चालू लागली.

डॉक्टर म्हणतात दोष तिच्यात असेल किंवा नसेल, नाणे उडवल्यासारखे. मरणापेक्षा मला त्या नाण्याची भीती वाटते. घर, शेत, कूळ यांतले काहीच मी तिला देऊ शकलो नाही, आणि जे परत घेता येत नाही ते कदाचित देऊन बसलो. नमाजात मी आता स्वतःसाठी काही मागत नाही.

७. माझी मोटरसायकल विकून येईल ते डेस्मिताच्या तपासणीसाठी आणि पुढे लागेल त्या उपचारासाठी ठेवावे. वारसाला वेगळे द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. युस्निदार आणि रोस्मानियार यांनी ती साक्षीदारांसमोर दिली आहे. मी डेस्मिताला अट घालत नाही. बापाला अट घालता येत असती तरी घातली नसती. विनंती करतो. उद्याच्या गाडीत दोन जागा सांगितल्या आहेत. दुसरीवर नाव लिहिलेले नाही.

सह्यांपूर्वी वाढवलेला मजकूर: लिहून लिहून माझे डोळे शिणल्याने वरील कागद डेस्मितानेच सगळ्यांना वाचून दाखवला. सहाव्या कलमाशी ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा वाचू लागली. वाचून झाल्यावर बासरिझाल म्हणाला की कोयत्याचे कलम खोडा. ते खोडलेले नाही. डेस्मिताने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, “खिडकीची जागा माझी. मला घाटात गाडी लागते.”

हे साक्षीदारांनी ऐकले आहे.

साक्षीदार:
जाफ्रुद्दिन, कोटो आरो मशिदीचे इमाम (सही)
बासरिझाल, मेहुणा (सही; तिसऱ्या कलमाबद्दल नाराजी नोंदवून)

लिहून देणार: मार्जोहान, मालिन मंचायो (सही)

स्थळ: कोटो आरो, पश्चिम सुमात्रा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९