तोरणाखालचा मान

सर, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. अंबाजोगाईच्या त्याच कॉलेजात मी तुमचा तास घेते, म्हणजे दोन वैरी घराण्यांचं आणि त्यांच्या पोरांच्या प्रेमाचं ते इंग्रजी नाटक शिकवते. पहिल्या दिवशी तुम्ही नुसती सुरुवात वाचली होती. दोन्ही पोरं मरणार हे आधीच सांगून टाकलेलं, आणि लगेच भर रस्त्यात दोन घरचे नोकर उगाचच एकमेकांच्या अंगावर जातात. मी शहाणपणा केला, "सर, शेवट आधीच कळला तर पुढं वाचायचं कावून?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "यातलं कोण कोण थांबवू शकलं असतं ते बघायला," म्हणालात आणि मला तासभर उभं केलंत. फार राग आला होता तुमचा.

यंदा पोळ्याला गावी गेले, धारूरकडे. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा, यावरून आमच्या आणि वरच्या आळीतल्या घरात तीन पिढ्यांचं वैर. जात एक, बांधाला बांध, पण एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. आता दोन्हीकडे ट्रॅक्टर आलेत, दावणी रिकाम्या आहेत, तरी मान कुणाला सोडवत नाही. म्हणून दोघांनीही माजलगावकडून बैल भाड्यानं आणले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. वेशीत आमचा सालगडी त्यांच्या सालगड्याला म्हणतो, "काय बघतो बे? हो मागं." तो म्हणतो, "तुझ्या मालकाचे तरी हायत का बैल? भाड्याचे हायत." "अन् तुझे?" लोक हसतात, मीही हसते. तेवढ्यात त्यांचा गडी आमच्या गड्याच्या तोंडावर कासरा मारतो, माझा भाऊ पुढे होतो, काठ्या निघतात. त्यांचा थोरला मुलगा मधे पडून दोन्हीकडच्यांना आवरू लागतो आणि एक काठी त्याच्याच कपाळावर बसते. माझ्या शेजारी भावाची मुलगी उभी. ती माझ्याकडेच राहून नर्सिंग शिकते. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते कळलं.

परत आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. "आत्या, लगीन करीन तर त्याच्याशीच. तू अण्णाला समजावून सांग. तुझं ऐकतेत ते." मला ते ऐकून जरा गर्वच वाटला. इतकी वर्षं नाटक शिकवणारी बाई, दोन घरं जोडायला निघाली! काल दुपारी दादाला, म्हणजे तिच्या अण्णांना, फोन लावला. पोरगा शिकलेला आहे, भांडण सोडवायला तोच मधे पडला, लई गुणाचा आहे, सगळं गोड गोड सांगितलं. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बरं केलं सांगितलंस. आता कुणाला बोलू नको. तिचा मोबाईल काढून घे. सकाळी येतो न्यायला." कशाला, असं मी विचारलं. त्यानं फोन ठेवला होता.

मोबाईल मी काढून घेतला नाही, एवढंच काय ते माझं शौर्य. तिला सांगितलं, अण्णा महालक्ष्म्यांसाठी न्यायला येताहेत. सणाला अजून आठवडा आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला वाटतंय माझं बोलणं फळाला आलं. सकाळपासून गुणगुणत बॅग भरतेय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय: मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटते, आणि तरीही 'तू जाऊ नकोस' हे तीन शब्द मी तिला म्हटलेले नाहीत. खाली जीप थांबली आहे. दादाबरोबर आणखी दोघंजण उतरलेत. आतून ती विचारतेय, "आत्या, अण्णा आले वाटतं. चहा ठेवू?"

ठेव, म्हणाले मी.