ओवीची शेपटं

मंगळवार पेठ, सोलापूर
जानेवारी १९७५

तीर्थस्वरूप धुळाप्पा दाजी यांस,
धाकटा मेव्हणा बिरप्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा, राजाअक्काचा खोकला आणि तो पांढऱ्या कपाळाचा मेंढा, तिघंही ठीक असतील असं धरून चालतो. (मेंढ्याचं नाव शेवटी घेतलं म्हणून त्यानं मनाला लावून घेऊ नये. मनाला लावून घेणारं माणूस घरात एक पुरे.)

आधी हिशेब. पाच वर्षांमागं बिरोबाच्या जत्रेत, भर ओवीत, चारचौघांदेखत मी तीन शब्द बोललो, 'दाजी, सूर उतरला.' त्याची खरी किंमत आजवर अशी पडली: पाच भाऊबीजा, दर खेपेला मी पुढच्या दारात आणि तुम्ही मागच्या दारानं मेंढरांकडं; कबूल केलेलं एक घोंगडं, जे आलं नाही; आणि तुमची ओवी, जी त्या दिवशी अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. अक्का सांगते, आता मेंढरांनाही तुम्ही नुसती शीळ घालता. महाग पडलं. पण दाजी, माझे कान खोटं ऐकत नाहीत. अंगावरच्या कपड्यानिशी सोलापुरात आलो, गिरणीत झाडू मारला आणि याच कानांवर पेटीदुरुस्तीचं दुकान उभं केलं. गल्लीच्या तोंडाला कुणी पेटी वाजवली तरी कुठला सूर बसलाय ते मी गादीवरून सांगतो.

तर गेल्या आठवड्यात पुण्याच्या एक बाई दुकानात आल्या. हातात पेटी. दुरुस्तीला आली समजून मी पुढ्यात ओढली आणि भाता शोधायला लागलो. तो निघाला टेपरेकॉर्डर. शाळेत न जाता माणसं गाणं कशी शिकतात यावर बाई संशोधन करतात. (यात शोधायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. कोकराला चरायला कोण शिकवतं?) आपल्या त्या जत्रेचं एक स्पूल त्यांच्याकडं आहे, त्यांच्या गुरुजींनी भरलेलं. पण ओवी अर्धीच, आणि पुढं गाणारा कोण ते गुरुजी लिहायला विसरले. ओवी पुरी मिळाली तर बाई ती शाळांतल्या पोरांना शिकवणार. जत्रेत कुणीतरी सांगितलं, सोलापूरचा पेटीवाला त्या ओवीत असायचा, म्हणून त्या माझ्याकडं आल्या.

स्पूल फिरलं. दाजी, काय तो तुमचा आवाज. बाईंनी विचारलं, हे कोण? आणि मी, खोटं बोलायला नको म्हणून, नुसता खाली बघून हसलो. बाईंनी माझं नाव लिहिलं. पुढं 'गुरू कोण' असा रकाना होता. म्हटलं, कुणी नाही, स्वयंभू. बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, मग आता पुरी ओवी म्हणा.

शेजारच्या शिवलिंगप्पाच्या गळ्यात ढोल अडकवला, तोंड उघडलं आणि तेव्हा कळलं मला येतं काय ते. पुढं गाणारा ओळ टाकतो, मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून धरतात, आणि मी जन्मभर झिलेत. त्यामुळं '…निघाली माळाला' पाठ, '…बसला चिंचेखाली' पाठ, '…रडली की गं' पाठ. पण कोण निघाली, कोण बसला, कुणी कुणाला रडवलं, ते सगळं तुमच्या तोंडात. तरी धीर सोडला नाही. 'हे हे हे' करत पुढची जागा भरली. बाईंनी पेन्सिल थांबवून विचारलं, कोण निघाली? म्हटलं, मेंढी. आणि बसला कोण? मेंढा. मग रडलं कोण?

आतून भाकरी थापता थापता आमची तानाबाई म्हणाली, "आता ह्येच रडत्याल की. निस्ती शेपटं पाठ हायत, बाई. त्वांड वन्सच्या मालकाकडं हाय."

शिवलिंगप्पाचा ढोल थांबला. तो अजून हसतोय. बाईंनी मात्र शांतपणे माझं नाव खोडलं आणि म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवा. पोरांना नुसती शेपटं कशी शिकवू?" म्हटलं, बघू. माणूस मानी आहे. आणि आपण काही चुकलेलो नाही.

बाकी इकडं सगळं ठीक. अक्कानं खोकल्यावर अडुळसा घ्यावा.

आपला,
बिरप्पा

ता. क. हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे. घोंगड्याची आठवण देण्याचा हेतू नाही. थंडी मात्र बरीच आहे.

ता. क. आणखी एक. येत्या शनिवारी बाई शेवटच्या खेपेला येतील, मग त्या धारवाडकडं जाणार. सांगोल्याहून पहिली एसटी धरा, मी स्टँडवर उभा आहे. तुम्ही पुढचं टाका, झिलेला मी आहेच. 'गुरू कोण' मधलं 'स्वयंभू' मी खोडायला लावलंय. तिथं माझा गुरू म्हणून तुमचं नाव तुमच्यासमोर घालायचंय.

ता. क. शेवटचं. बाईंकडून ते स्पूल पुन्हा लावून घेतलं आणि पेटी पुढ्यात ठेवून चार वेळा ऐकलं. पुढचा आवाज, म्हणजे तुमचा, काळी दोनच्या पट्टीवरून एकदाही हललेला नाही. उतरलाय तो झिलेतला पहिला. तो मी.