बैलाचे मागचे पाय

३ जानेवारी
गॅदरिंगच्या नाटकात बैल लागतो. कोण बनवेल, असं उर्वशीने विचारलं. दिग्दर्शन तिचंच आहे. मी हात वर केला. यवतमाळला आल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच. फोमचा बैल, सात फूट लांब, आत दोघी. सगळ्यांनी मिळून करायचं म्हणजे ओळखी आपोआप होतील. मला खूप मैत्रिणी आहेत असं घरी सांगून ठेवलंय. बाबा दर रविवारी फोटो मागतात. एक ग्रुप फोटो निघाला की ते खोटं उरणार नाही.

६ जानेवारी
मदतीसाठी मेसेज टाकला. अकरा जणींनी अंगठा पाठवला. आलं कोणी नाही. प्रॅक्टिकल्स असतील. एकटीने कापलं की मापं चुकत नाहीत.

८ जानेवारी
वशिंडाला फोम कमी पडला. माझी गादी कापली. घरून आणलेली, माझीच. तरी वॉर्डन मॅडमना अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.
नुसत्या फळीवर पाठ सरळ राहते.

१२ जानेवारी, रविवार
बाबांना व्हिडिओ कॉलवर बैल दाखवला. खांदा, शिंगं बघून खूश झाले. आमच्या गोठ्यात कायम जोडीच असते. म्हणाले, "एकच काहून? याचा जोडीदार कुठी हाय?"
नाटकात एकच लागतो, म्हटलं.
"एकट्याले करमते का त्याले?"
फोन कट केला. रेंज गेली, असं नंतर कळवलं. हेही खोटंच.

१५ जानेवारी
मागच्या पायांसाठी खुशीला विचारलं. रूममेटच आहे. लगेच हो म्हणाली. संध्याकाळी कळलं, तिला डान्समध्ये घेतलंय. कोणीही डान्सच निवडला असता.

१७ जानेवारी
आणखी नऊ जणींना विचारलं. आत वाकून बसायचं, चेहरा दिसणार नाही, मग काय उपयोग, असं सगळ्यांचं. बरोबरच आहे.
मागच्या पायांना माझ्या ट्रॉली बॅगची चाकं लावली. अर्ज नाही दिला.

१८ जानेवारी
बैल चालला. एक चाक विंगेत अडकलं, ते ओढून काढलं. लोक हसले, पण मनापासून. शेवटी सगळे बैलाभोवती जमले. फोटो होईस्तोवर बैल हलवू नका, असं उर्वशी म्हणाली. मी हलले नाही. वशिंडावर कोणीतरी हात ठेवला होता.

१९ जानेवारी, रविवार
बाबांना फोटो पाठवला. त्यांनी एकेक चेहरा मोठा करून पाहिला. "तू कुठी हायेस बाई?"
बैलात. पुढचे पाय.
त्यांनी बैलाचे पाय मोठे करून पाहिले. मग म्हणाले, "हो, चप्पल तुहीच हाय. अन् मांगं कोन हाय?"
मैत्रीण, म्हटलं. लाजाळू आहे.