सहस्रचंद्रदर्शन, आयएसओ दोनशे

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पोट बिघडल्याचं बँकेत कळवलं आणि पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. जुने टेबलफॅन, मुंडकं नसलेली शिवणयंत्रं, कुणाच्या तरी कवळ्या. या सगळ्यात तो बसला होता. रशियन कॅमेरा. फिल्मचा. वयाने माझ्याएवढाच. वरून जरा झिजलेला, आतून पोलाद. तेही माझ्यासारखंच.
चालतो का, असं मी अस्खलित तमिळमध्ये विचारलं. नाही, असं विक्रेत्याने इंग्रजीत सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा आवडला. कडक घासाघीस केली आणि तो म्हणाला तेवढ्याला घेतला.
संकल्प: आजपासून मोबाइलवर फोटो बंद. विचार न करता काढलेला फोटो म्हणजे शिंक.

९ नोव्हेंबर, शनिवार
कुमुदिनीने विचारलं, की आपल्या घरात चालू वस्तू आणायला मनाई आहे का. बायकोला इतिहासाची जाण नसली की असं होतं.
लेक प्राचीने लेन्समधून ट्यूबलाइटकडे बघितलं आणि म्हणाली, अप्पा, आत फंगस आहे. मी म्हटलं, चेन्नईत फंगस नसलेली एक वस्तू दाखव. ती श्रीपेरुंबुदूरला मोबाइलचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. म्हणजे शत्रुपक्षाची नोकर. पहाटे कंपनीची बस येते आणि तिला छावणीत घेऊन जाते.

१७ नोव्हेंबर, रविवार
कॅमेरा उघडला. एका पोलिश माणसाचा व्हिडिओ बघून. भाषा कळत नाही, पण हातांची भाषा जागतिक असते. तो मधेमधे ओरडून काहीतरी बजावत होता. उत्साह देत असावा.
फंगस काढला. त्याबरोबर लेन्सवरचा जांभळा थरही थोडा निघाला. एक स्प्रिंग उडाली आणि आवाजावरून फ्रिजखाली गेली. कुमुदिनीने फ्रिज हलवायला साफ नकार दिला.
संध्याकाळी परत जोडला. दोन स्क्रू उरले. रशियन लोक गरजेपेक्षा जास्त स्क्रू लावतात, हे यातून सिद्ध होतं.

१ डिसेंबर, रविवार
कॅमेऱ्यात फटीतून उजेड शिरू नये म्हणून आत स्पंजच्या पट्ट्या असतात. जुन्या कुजल्या होत्या. नव्या लावल्या, भांडी घासायच्या स्पंजच्या. बाहेरून नवं चामडं चढवलं. कुमुदिनीची एक पर्स पडून होती. ती वापरत नव्हती.

२ डिसेंबर, सोमवार
वापरत होती.

५ जानेवारी, रविवार
पहिला रोल लॅबमधून धुऊन आला. छत्तीसपैकी पाच फोटो आले! इतकी वर्षं बंद पडलेल्या यंत्राकडून पाच म्हणजे चमत्कार. कुमुदिनीच्या फोटोत उजव्या बाजूने एक नारिंगी ज्वाळा आली आहे. याला लाइट लीक म्हणतात, परदेशात लोक यासाठी तरसतात. प्राची म्हणाली, अम्माला आग लागलीय. अम्मा म्हणाली, लागलीच आहे, पर्स कापली तेव्हापासून.
खाली जाऊन एकोजीरावांना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला आणि विचारलं, वरची बाजू कोणती.
हे तळमजल्यावरचे तंजावूरचे मराठी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, मराठीही तेव्हाचीच घेऊन आलं आणि पेटीत जपून ठेवली. मधेमधे तमिळची फोडणी. माझ्या बोलण्याला ते पुण्याची मराठी म्हणतात. मी सांगलीचा आहे, हे नऊ वर्षं सांगतोय.

१२ जानेवारी, रविवार
मोठी बातमी. नऊ फेब्रुवारीला एकोजीरावांचं सहस्रचंद्रदर्शन. इकडे सदाभिषेकम् म्हणतात. ऐंशी पूर्ण झाली, की नवरा-बायकोला कलशांनी न्हाऊ घालतात आणि पुन्हा लग्न लावतात. मंगळसूत्रसुद्धा पुन्हा. एकोजीराव म्हणाले, अस्की येणार. मी विचारलं, अस्की कुठून येणार, मदुरैहून का. त्यांच्या पत्नी गोदाक्का पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. अस्की म्हणजे त्यांच्या मराठीत सगळे. भाषा जपून ठेवावी, पण निदान लेबल तरी लावावं.
मग गोदाक्कांनी एक गोष्ट सांगितली. लग्नाच्या वेळी फोटोवाला कुंभकोणमहून यायचा होता. त्याची बस चुकली. तो आला तेव्हा पंगत उठत होती. मंगळसूत्र बांधतानाचा फोटोच नाही. हॉलच्या भिंतीवर त्यांना तेवढा एकच फोटो हवा होता. या वेळी तरी, असं म्हणून त्या थांबल्या.
मी उभा राहिलो. म्हटलं, अक्का, तो फोटो मी काढणार. फिल्मवर. एकोजीरावांनी सुचवलं, की भाड्याचा फोटोवालाही असू दे, बाजूला. मी म्हटलं, एका म्यानात... पुढचं सुचेना, पण भाव पोचला. फोटोवाला रद्द झाला.

२६ जानेवारी, रविवार
मस्कतहून त्यांचा मुलगा राघोत्तम आला. बारा वर्षांनी सगळं कुटुंब एकत्र. त्याने हळूच विचारलं, की अंकल, बॅकअप काय आहे. मी म्हटलं, अनुभव.
अट घातली: मुहूर्ताच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल परडीत. प्रत्येकजण हात वर करून उभा राहिला, तर माझ्या चित्रात एकोजीरावांऐवजी काखा येतील. राघोत्तमला पटत नव्हतं. गोदाक्का म्हणाल्या, विजय म्हणतोय ना, मग झालं.
इतका विश्वास आजवर बँकेनेही टाकलेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
सगळी तयारी पूर्ण. अंतर तीन मीटर, छिद्र आठ, वेग साठ, सगळं आधीच लावून चिकटपट्टीने पक्कं केलं. उद्या बोट फक्त बटणावर. होमाच्या धुराने लेन्स खराब होऊ नये म्हणून तिला झाकण केलं. हिंगाच्या डबीचं. काय चपखल बसलंय! काळा रंग दिल्यावर कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. कुमुदिनी म्हणाली, उद्या पहिल्यांदा ते काढायला विसरू नका. काही सूचना माणसाचा अपमान करण्यासाठीच असतात.
प्रेस फोटोग्राफर घालतात तशी चपटी टोपीही आणली. माणूस दिसतो तसा घडतो.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
विजय! नावाला जागलो.
हॉल गच्च. नादस्वरम् इतकं जोरात, की शेजारच्याशी बोलायचं तर पत्र पाठवावं लागलं असतं. मी परडी फिरवली. एका मावशींनी मोबाइल देताना तो लहान बाळासारखा छातीशी धरला होता. मग मी बरोबर तीन मीटरवर गुडघा टेकला. ज्यांच्या पुढ्यात टेकला ते पुटपुटत होते. कलेच्या मागे कुणीतरी बसतंच.
एक गोष्ट मात्र खटकली. ऐन वेळी एकोजीराव माझ्याकडे बघून टोपी काढ, टोपी काढ की रे, असं ओरडायला लागले. जुनी माणसं. देवाधर्माच्या कामात डोकं झाकलेलं चालत नाही, समजू शकतो. टोपी काढून खिशात घातली. तरी चालूच! हातात मंगळसूत्र आणि तोंडाने टोपी काढ. मी दोन्ही हातांनी डोकं दाखवलं, बघा, काढली. त्यांनी डोळे मिटले. मंत्र म्हणत असावेत. ऐंशीव्या वर्षी एखादा शब्द असा अडकून बसतो, त्याला इलाज नाही.
बांधताना चार, बांधून झाल्यावर सहा, हार घालताना बाकीचे. एकही फुकट नाही. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, बाजूला वेगळी खिडकी असते. चित्र काय स्वच्छ दिसत होतं! गोदाक्का नवऱ्याकडे बघत होत्या. मान किंचित वर. त्या क्षणी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण बोट हललं नाही. पायसम दोनदा घेतलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
रोल लॅबला दिला. घाई करू नका, पण लवकर द्या, असं सांगितलं. गोदाक्कांनी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकून घेतला आहे. जागा जरा उंच वाटली. सुचवलं, पण फार नाही. प्रदर्शनाचा विचार मनात येतो आहे. विनम्र राहायचं ठरवलं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लॅबच्या माणसाचा फोन आला. रोल पूर्ण कोरा, सार. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत. मी म्हटलं, तुमची औषधं शिळी असतील. तो म्हणाला, त्याच औषधात आणखी सहा जणांचे रोल धुतले, छान आलेत. मग त्याने अगदी गोड आवाजात विचारलं, तोप्पी एडुत्तीङ्गळा, सार? टोपी काढली होती का.
मी विचारलं, तोप्पी म्हणजे कुठली तोप्पी.
लेन्सची, सार.
फोन ठेवला. तमिळमध्ये लेन्सच्या झाकणाला टोपी म्हणतात. एकोजीरावांच्या मराठीतही, असं दिसतंय. सांगलीत झाकणाला झाकण म्हणतात. प्रमाण भाषेचा आग्रह मी उगाच धरत नाही. तीनशे वर्षांपूर्वी ही मंडळी जरा कमी लांब गेली असती, तर हा प्रसंग आला नसता.
शिवाय रशियन डिझाइन. झाकण लावलेलं असताना बटण दाबलंच जाऊ नये, एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही, आणि म्हणे अंतराळात गेले.
कुमुदिनीने हिंगाची डबी बिनझाकणाची माझ्या ताटाशेजारी ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी खाली जाणार होतो, बँकेला उशीर होत होता. संध्याकाळी जाणार होतो, लिफ्ट बंद होती. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, पण तत्त्वाचा प्रश्न होता. शेवटी प्राचीने दंडाला धरून नेलं.
म्हटलं, काही तांत्रिक कारणामुळे प्रतिमा दृश्य स्वरूपात उपलब्ध नाहीत. राघोत्तमने विचारलं, म्हणजे? प्राची म्हणाली, अप्पांनी झाकण काढलं नव्हतं.
एकोजीराव उठून बसले. मी घसा फोडून सांगूलागलो होतो, असं म्हणाले आणि हसायलाच लागले. हसू थांबेना, पाणी द्यावं लागलं. राघोत्तम हसला नाही. तो पाहुण्यांना एकेक करून फोन लावत होता. परडीत न टाकता कुणी चोरून एखादा मोबाइल जवळ ठेवला असेल, या आशेवर. दोघांनी ठेवला होता. एकाकडे केळीच्या पानाचा फोटो निघाला, सगळे पदार्थ वाढलेला. दुसऱ्याकडे मुहूर्ताचा व्हिडिओ निघाला. त्यात मुहूर्तभर माझी पाठ आहे.
गोदाक्का उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, सगळ्यांना कॉफी आणली, मलाही दिली. मग किराणा दुकानाचं कॅलेंडर घेतलं आणि हॉलमधल्या त्या नव्या खिळ्याला अडकवलं. ते सरळ लागलंय का हे बघण्यात त्यांनी फार वेळ घालवला. पाठमोऱ्या.
कॉफीत साखर होती. नसती तर बरं वाटलं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रात्रभर विचार करून उपाय काढला आणि सकाळीच खाली जाऊन मांडला. उद्या दुपारी पुन्हा लग्न. राघोत्तमचं विमान संध्याकाळचं आहे. गोदाक्का म्हणाल्या, गळ्यातलं काढायचं नसतं, फोटोसाठीसुद्धा नाही. मी म्हटलं, काढायचं नाही, हळदीचा दोरा वरून बांधायचा. त्यांनी विचारलं, फोटो कोण काढणार.
मी कॅमेरा घेऊनच गेलो होतो. झाकणही काढून दाखवलं.
प्राची काढेल, असं त्यांनीच उत्तर दिलं. मोबाइलवर.
मी मान्य केलं. दिग्दर्शकाने कॅमेरा स्वतः धरू नये, असं माझं आधीपासूनचं मत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
झालं. एकोजीराव वेष्टी नेसून, गोदाक्का सोहळ्याच्या दिवशीचीच अरक्कू, म्हणजे गडद तांबड्या रंगाची कांजीवरम्. नादस्वरम् नाही. राघोत्तमने तोंडाने पीं पीं केलं, तेवढंच. गोदाक्का म्हणाल्या, याच माणसाशी तिसरं लग्न. या खेपेला फोटो आला नाही, तर फोटोवाला नाही, नवराच बदलीन. एकोजीराव म्हणाले, बदल की, पण आधी याला म्हणावं टोपी काढ. सगळे हसले. मीही हसलो, यजमानांचा मान राखायला.
खिडकीतून ऊन थेट गोदाक्कांच्या डोळ्यांवर येत होतं. प्राची म्हणाली, अप्पा, तो पडदा धरून उभे राहा. हलू नका. म्हणजे प्रकाशयोजना संपूर्णपणे माझ्याकडे होती. हाताला मुंग्या आल्या, पण पडदा सोडला नाही. दोरा बांधताना एकोजीरावांची गाठ बसेना. गोदाक्कांनी मान वाकवली आणि त्यांना हळूच काहीतरी म्हटलं. काय ते मला ऐकू आलं नाही. मी पडद्यापाशी होतो.
प्राचीने पटापट खूप फोटो काढले. शिंकाच. गोदाक्कांनी चष्मा लावून सगळे बघितले आणि एकावर बोट ठेवलं. हाच. तो खरंच बरा आला आहे. गाठ बसल्याच्या क्षणाचा. दोघांचं लक्ष एकमेकांकडे, आणि त्यांच्यावर पडद्यातून गाळून आलेला मऊ उजेड. उजव्या कडेला पडदा धरलेली माझी चार बोटं आली आहेत. मी म्हटलं, राहू द्या, त्याने रचनेला तोल येतो.
गोदाक्कांनी प्राचीला विचारलं, हे काढता येतं की?
प्राचीने स्क्रीनवरून बोट फिरवलं. एका सेकंदात गेलो.