उजव्या बाजूचे आसन

अमरावती, शके १८८३

भाद्रपद व. ११
फ्रेंच गाडीचे पुढचे झाकण आज उघडले. पाण्याच्या पंपाखाली पुन्हा ओल. चारही नटांच्या कडा गोल झालेल्या. अकोल्याच्या कारागिराची करणी! नट बारा मिलिमीटरचा, पाना अर्ध्या इंचाचा. फट भरायला मध्ये पत्र्याची पट्टी. आणि शेजारी उभे राहून "हान अजून" म्हणणारे आमचे धाकटे बंधू वामनराव. त्या दिवशी मी वामनला जे बोललो ते यथार्थच होते. तेव्हापासून तीन दसरे तो सोने द्यायला आलेला नाही.

भाद्रपद व. १३
अकोल्याहून निरोप : वामनची कंबर धरली आहे. सौ. म्हणाली, "औंदा आपनच जाऊ." मोठ्या भावाने सोने घेऊन धाकट्याच्या दारी जावे, ही रीत नव्हे, असे मी सांगितले.
"रीत ठेवा पेटीत. भाऊजीइले यष्टीत चढता येत नाई, अन् तुमी रीत काहून सांगता?"
खरी अडचण रीतीची नाही. या गाडीचे चालवायचे चक्र डावीकडे. पुढे बैलगाडी असली की तिच्यापलीकडचा रस्ता मला दिसत नाही. उजवीकडे वामन बसे आणि "जा, भाऊ" म्हणे. तेवढ्यावर मी निःशंक जात असे. तो येईनासा झाल्यापासून गाडी बडनेऱ्यापलीकडे नेलेली नाही.

आश्विन शु. २
बाजारात शेर जाऊन किलो आला. पाने मात्र अद्याप इंचांचेच. कापसाच्या जिनिंगमध्ये जर्मन इंजिन आहे, म्हणून तेथील फिटर गुलाबराव यांच्याकडे मिलिमीटरचे पाने मागितले.
"न्या ना मास्तर. पन अष्टमीच्या सांजेले परत पाह्यजेत. नवमीले हत्यारं पूजेत मांडतो. मंग दसरा झाल्याबिगर कोनी हात लावत नाई."
मान्य केले. अकोल्याला जाण्याविषयी अद्याप ठरत नाही.

आश्विन शु. ५
पहिला नट निघाला. बाराचा नट कानशीने घासून अकराचा केला. अकराचा पाना नेमका बसला. समाधान. हेच नट पुन्हा लावणे भाग आहे. दुसरे या प्रांतात मिळत नाहीत.

आश्विन शु. ८
तीन नट शाबूत निघाले. चौथा छिन्नीने फोडावा लागला. जाड कागद तेलात भिजवून पॅकिंग कापले, पंप तीन नटांवर बसवला. दिवे लागायच्या आत पाने परत केले.

आश्विन शु. ९
खंडेनवमी. पंपातून थेंब थेंब पाणी. किंचित आवळले असते तर थांबले असते, पण गुलाबरावांचे पाने पूजेत आहेत आणि सौ.ने माझ्याही पान्यांवर झेंडू वाहिला आहे. तीन नटांवर गाडी परगावी नेणे मला पटत नाही, असे म्हणालो.
"चवथा नट नाई म्हून भाऊ परका होते काय?"
पाण्याचे दोन डबे भरून ठेवले.

अकोला, आश्विन शु. १०
पहाटे निघालो. सौ. उजवीकडे. प्रत्येक बैलगाडीमागे "थांबा, थांबा!" आणि गाडीवान स्वतःहून बाजूला झाला की "आता जा." मूर्तिजापूरला पाणी घातले; बोरगावला पुन्हा.
वामन ओसरीवर काठी घेऊन बसला होता. उठला. माझ्याकडे न पाहता गाडीखाली पाहिले.
"गळून राह्यली."
"तीनच नट आहेत," मी म्हणालो.
"तीनावर आनली? तुमी?"
यावर सौ. हसली आणि जावेकडे आत गेली. सोने मी दिले. त्याने घेतले, वाकून पायांना हात लावू लागला, कंबर वाकेना. मी "राहू दे" म्हणालो.
मग काठी टेकत तो उजव्या दाराशी गेला आणि आत बसला. गावाबाहेर जरा फिरवून आणली. पुढे कापसाची गाडी आली. मी वेग कमी केला.
"मोकळं हाये. जा, भाऊ."
गेलो.
उद्या परतायचे. सौ. जेवताना म्हणाली, मी मागं बसते. पुढे कोण, हे तिने सांगितले नाही. वामन मान खाली घालून जेवत होता. आता झोपण्यापूर्वी पंपाखाली परात ठेवायला गेलो, तर त्याची काठी गाडीतच आहे, उजव्या आसनावर. विसरला असेल तर काठीवाचून घरात गेला कसा? उद्यासाठी मी ती तेथेच राहू दिली.